बशीतली धडधड

१

सोमवारी सकाळी पावणेनऊला निशा कोळीनं इन्क्युबेटरचं दार उघडलं, मधल्या फळीवरची पहिली बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि सहा वर्षांच्या कामाचे तीनतेरा वाजलेले तिला दिसले. पेशी मेल्या नव्हत्या. मेल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. त्या धडधडत होत्या. काचेच्या बशीत, हृदय ना शरीर, आणि इवले ठिपके आपले आकसतायत, सैल होतायत, पुन्हा आकसतायत. बाराही बश्यांची तीच तऱ्हा. अकरा वाजता दिल्लीची समिती ते काम बघायला येणार होती.

मला फोन आला दुपारी बाराला. "सर, येता का? मालूमावशीवर ढकलतायत सगळं."

मी कमलाकर भगत. चौतीस वर्षं सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काढली, आता पनवेलला घरी बसून बायकोच्या शिव्या खातो. निशा कॉलेजात असताना विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. तिला दुसरा नंबर दिला, तर ही पोरगी तासभर माझ्याशी भांडली आणि शेवटी मलाच माझी चूक पटवून गेली. तेव्हापासून मला ती आवडते. तिनं बोलावलं नसतं तर मी गेलो नसतो, हे आधीच सांगून टाकतो.

पळस्पे फाट्याच्या अलीकडे हे मूळपेशींचं संशोधन केंद्र आहे. स्टेम सेल म्हणतात त्या मूळपेशी. केंद्राचे प्रमुख डॉ. मुकुंद रिसबूड. उंच, मृदू बोलणारे, खादीचा कुर्ता. मला बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण चौकशीला बाहेरचा एक माणूस असला की कागद चांगला दिसतो, हे त्यांनाही कळत होतं.

"चौकशी कसली, भगत साहेब? उघड आहे," ते म्हणाले. "शनिवार-रविवार इथे फक्त ती भांडी धुणारी मालूबाई होती. इन्क्युबेटरमध्ये पाणी भरताना दार उघडं ठेवलं असणार. समितीला मी अपघात झाल्याचं कळवलंय. ते पुन्हा येतील, निशाचं काम पाहतील, दोन महिन्यांत ती डॉक्टर होईल. कुणाचं काही बिघडत नाही."

"मालूबाई सोडून," मी म्हणालो.

त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. मालूबाईचा कबुलीजबाब, टाईप केलेला, खाली सहीची जागा कोरी. शनिवारपर्यंत सही केली तर नुसती नोकरी जाणार, नाही केली तर पोलिसात तक्रार. कोपऱ्यात वेळ छापली होती: नऊ वाजून दहा मिनिटं.

पावणेनऊला प्रकार उघडकीला आला आणि पंचवीस मिनिटांत गुन्हेगार सापडून त्याचा जबाबसुद्धा टाईप झाला. चौतीस वर्षांत इतके कार्यक्षम पोलीस मी पाहिले नव्हते.

२

निशा भिंतीला टेकून उभी होती. आदल्या दिवशी आजोबांचं, बुधाजींचं, तेरावं झालं होतं. म्हणजे तेरा दिवस ती गावी, मोऱ्याला होती.

"मला अडाण्याला सांगतेस तसं सांग," मी म्हणालो. "या पेशी काय करतात?"

"मूळपेशीला दोन रस्ते असतात, सर. एक तर स्वतःसारखीच दुसरी मूळपेशी बनवायची, नाहीतर काहीतरी होऊन जायचं. हृदय, कातडी, मज्जा, काहीही. एकदा झाली की झाली, मागे फिरत नाही. कुठला रस्ता, हे प्रथिनांच्या जोड्या ठरवतात. एक प्रथिन आहे, ते एकटं कुचकामी. त्याला जोडीदार लागतो. पहिल्या जोडीदाराला धरलं तर पेशी मूळपेशीच राहते. दुसऱ्याला धरलं तर ती मार्गी लागते. पहिली जोडी टिकावी म्हणून एरवी पेजेत एक महागडा घटक घालावा लागतो. त्याला आम्ही राखण म्हणतो."

"पेजेत?"

"पेशी ज्या पाण्यावर जगतात ते. मीडियम. मालूमावशी पेज म्हणते, म्हणून सगळेच म्हणतात." तिला हसू आलं आणि लगेच गेलं. "मी प्रथिनाचा एक छोटा तुकडा बनवलाय. अडसर. तो दुसऱ्या जोडीदाराची जागाच अडवतो. मग राखण लागत नाही. आपोआप पहिलीच जोडी टिकते. दोन वर्षं टिकत आली आहे, सर. मी रोज बघितलीय."

इन्क्युबेटरमध्ये तीन फळ्या होत्या. वरच्या फळीवर राखण घातलेल्या बश्या, मधल्या फळीवर फक्त अडसराच्या, खालच्या फळीवर दोन्ही नसलेल्या. खालच्या बिघडणारच असतात, त्या तुलनेपुरत्या. निशानं जाण्याआधी सगळ्या नव्यानं, विरळ पेरल्या होत्या. पंधरवडाभर फक्त पेज बदलायची होती. ते काम तिचा सीनियर प्रणित घरत बघणार होता.

"वरची फळी कशी आहे?"

"एकदम छान."

इथे मला पहिली गोष्ट खटकली. दार उघडं राहिलं असतं तर थंडी वरच्या फळीला विचारून आत येत नाही.

"आणि मूळपेशीची राखण गेली, तर ती धडधडायला किती दिवस लागतात?"

"आठ. सहसा नऊ-दहा..." ती मधेच थांबली. एवढी हुशार मुलगी, पण घरातलं माणूस जाऊन वर हा घाव, तिनं दिवस मोजलेच नव्हते. "सर, शनिवार-रविवार म्हणजे दोनच दिवस होतात."

मालूबाई सुटली होती. पण मग आठ दिवस त्या बश्या बिघडत असताना त्यांच्याकडे बघणारा माणूस काय करत होता?

३

मालूबाई मागच्या व्हरांड्यात पायरीवर बसली होती. पन्नाशीची, घट्ट अंबाडा, हात साबणानं पांढरे पडलेले. सकाळपासून तिला आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. तीही मोऱ्याची, निशाच्याच वाडीतली. रोज पहाटेची बस धरून यायची.

"दार मी लावला व्हता," तिनं विचारायच्या आधीच सांगितलं. "पानी भरला, दार लावला, दोनदा ढकलून बगितला. आमच्या पोरीचा काम हाय त्यात, मना ठाव नाय काय?"

"मला माहीत आहे तुम्ही लावलंत."

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. साहेब लोक एवढ्या लवकर विश्वास ठेवतात याची तिला सवय नव्हती.

"आमच्या वाडीत डाक्टर कोनी झालेला नाय अजून," ती म्हणाली. "बाप्या नाय, बायको नाय. ही पयली. हिची आय वारली तवा हिला मीच शाळंला घालवाची. सायेब, सही केली तं हिचा काम व्हईल का?"

"सही करू नका."

मी विषय बदलला. गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं ते दिवसावार विचारलं. तिला तारखा सांगता येत नव्हत्या, सणवार मात्र पक्के ठाऊक होते. घट बसले, ललितापंचमी, मग खंडेनवमी. त्या बुधवारी सकाळी आठलाच येऊन तिनं यंत्रांची पूजा मांडली होती.

"दुर्बिनीला झेंडूचा हार घातला, हलदकुंकू लावला. दोन्ही डोल्यांवर बेलाची पाना ठेवली. पूजेला बसलेला हत्यार त्या दिशी कोन हातात धरतो? दसऱ्याला दुपारी मी सवता हार उतरवला, तवर जसाच्या तसा व्हता."

दुर्बीण म्हणजे सूक्ष्मदर्शक. तिनं मोबाईल काढून फोटो दाखवला. हारात बुडालेलं यंत्र, समोर नारळ फोडताना प्रणित घरत. फोटोवर वेळ होती साडेआठ.

मी आत जाऊन निरीक्षणाची वही उघडली. बुधवार, सकाळी नऊ: "सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशींच्या वसाहती गोल, चकचकीत." गुरुवार, सकाळी नऊ: तेच वाक्य. खाली सही प्रणितची.

४

प्रणित तिशीचा, केस नीट विंचरलेले. आधी तो रागावला, मग फोटो पाहून बसला.

"ठीक आहे. नाही बघितलं मी," तो म्हणाला. "बुधवारी नाही, आणि खरं सांगायचं तर कुठल्याच दिवशी नाही. पेज बदलायचो आणि लिहून टाकायचो. दोन वर्षं तेच तेच गोल ठिपके, साहेब! कधी बदलले नाहीत. पुढच्या महिन्यात मी हैदराबादला चाललोय. कंपनीचं पत्र आलंय."

"आणि आळस उघडा पडू नये म्हणून मालूबाई?"

"मी तिचं नाव नाही घेतलं. सरांनी घेतलं. मी फक्त गप्प बसलो."

फक्त गप्प बसलो! पोरगा हे असं म्हणाला की जणू त्याबद्दल त्याचा सत्कार व्हावा. मला त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली.

"पेज कुठली वापरलीस?"

"सरांचीच. रिसबूड सर पेज स्वतःच्या हातानं करतात, दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. पण ते परिषदेला गेले आणि तिकडे नातवाच्या बारशाला आठवडाभर जास्त राहिले, काल रात्री परतले. निळी बाटली गुरुवारी संपत आली, घटस्थापनेनंतरच्या. मग मी केली नवीन."

"तूच घोळ घातलास तर."

"नाही!" आता मात्र तो खरोखर दुखावला. "भिंतीवर कृती लावलीय, अक्षर न् अक्षर तशीच केली. दोनदा वजन केलं. आईशप्पथ, साहेब, तेवढं एकच काम मी या पंधरा दिवसांत नीट केलंय."

त्या गुरुवारपासून धडधडणाऱ्या सोमवारपर्यंत मी बोटं मोजली. अकरा दिवस. बिघाड सुरू झाला तो नेमका प्रणितची पेज बश्यांत गेली त्या दिवशी. आणि गंमत अशी, की या एका गोष्टीत तो खरं बोलतोय असं मला वाटत होतं.

५

"निळी बाटली म्हणालास. दुसरी कुठली असते?"

"लाल. लाल पट्टीची वरच्या आणि खालच्या फळीला, निळ्या पट्टीची मधल्या फळीला."

"आणि कृती?"

"एकच. भिंतीवर आहे ती."

"एकाच कृतीची पेज दोन बाटल्यांत वेगळी कशाला?"

प्रणितनं खांदे उडवले. शेजारी उभ्या निशानं उत्तर दिलं. "घोळ नको म्हणून. सरांची शिस्त आहे ती."

"कधी अदलाबदल झाली होती?"

ती म्हणाली, "एकदा. दीड वर्षापूर्वी निळी बाटली माझ्या हातून फुटली. मी मधल्या फळीला लाल घातली. त्या खेपेला पेशी बिघडल्या. सर म्हणाले, तुझा हात स्वच्छ नव्हता, जंतू गेले असतील. बश्या फेकून द्यायला लावल्या."

"तू तपासलंस जंतू होते का?"

"नाही, सर. मला वाटलं, माझीच चूक असणार."

हे वाक्य मी आमच्याकडच्या शेकडो पोरांच्या तोंडून ऐकलंय. घरातलं पहिलंच माणूस अशा जागी पोचलेलं असतं, त्यामुळे काही बिघडलं की त्याचा हात आधी स्वतःच्याच छातीवर जातो. रिसबुडांच्या मुलीला कुणी असं म्हटलं असतं तर तिनं आधी बाटली तपासायला घेतली असती. निशा माझ्याशी तासभर भांडली होती, पण तेव्हा मी परका होतो. आपल्या गुरूशी ती कधीच भांडली नाही.

मी फ्रिज उघडला. संपलेली बाटली परत आत ठेवणारा एक जण प्रत्येक घरात असतो, इथे तो प्रणित होता. मागच्या कोपऱ्यात निळ्या पट्टीची बाटली होती, तळाशी दोन बोटं पेज. शेजारी लाल, अर्धी भरलेली. तिच्या शेजारी प्रणितची.

"निशा, नवीन मूळपेशी काढ," मी म्हणालो. "चार बश्या पेर. एकीला निळी पेज, एकीला लाल, एकीला प्रणितची. तिन्हीत राखणही नको आणि अडसरही नको. चौथीत लाल पेज आणि तुझा अडसर."

"पहिल्या तिन्ही बिघडणार, सर. बिघडायलाच हव्यात."

"मग बिघडू देत."

तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मी काय विचारतोय हे तिला कळलं होतं. मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिनं हातमोजे चढवले.

६

पाच दिवस लागणार होते. मालूबाईच्या सहीची मुदत शनिवारची, निकालही शनिवारचा. बश्यांची खोली मी कुलूपबंद केली, किल्ली माझ्या खिशात. रोज सकाळी निशाबरोबर मी आत जायचो. पेज ती बदलायची, मी नुसता उभा. सूक्ष्मदर्शकाला शनिवारपर्यंत हात लावायचा नाही असं तिनंच ठरवलं. त्या पाच दिवसांत ती एकदाच काय ते बोलली.

"सर, तुम्हाला काय वाटतं, काय दिसेल?"

"मला वाटून काय उपयोग?"

शनिवारी सकाळी तिनं पहिली बशी लावली. प्रणितची पेज. "बिघडल्यात. चपट्या झाल्यात." दुसरी, लाल. "बिघडल्यात." तिचा आवाज स्थिर होता. तिसरी, निळी. बराच वेळ ती डोळा लावून राहिली. मग बाजूला झाली. "तुम्ही बघा."

मी पाहिलं. गोल, चकचकीत, काठ रेखीव. राखण नाही, अडसर नाही, आणि तरी पेशी खुशाल मूळपेशीच राहिल्या होत्या. याचा अर्थ एकच होता. राखण आधीपासूनच निळ्या बाटलीत होती. दोन वर्षं होती.

चौथी बशी उरली. लाल पेज आणि निशाचा अडसर. आता तिचं जे काही होतं ते त्या बशीत होतं. निळ्या पेजेत कुणीही काहीही घातलेलं असो, अडसर खरा असेल तर या पेशी गोल दिसायला हव्या होत्या.

तिनं बशी लावली, पाहिलं, आणि बशी तशीच ठेवून स्टुलावर बसली.

"चपट्या," ती म्हणाली. "अडसर काहीच करत नाही, सर. कधीच करत नव्हता."

७

रिसबूड नाकारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला.

"अडसराच्या पहिल्या वर्षी पेशी टिकत नव्हत्या," ते म्हणाले. "प्रकल्प बंद पडला असता. हिची शिष्यवृत्तीसुद्धा. मी थोडा हात दिला. वाटलं, पुढे अडसर सुधारेल, मग राखण हळूहळू काढून घेऊ. मग निष्कर्ष छापून आले. मग काढता येईना."

"सोमवारी सकाळी तुम्हाला क्षणात कळलं," मी म्हणालो. "प्रणितनं कृतीबरहुकूम पेज केली. दोन वर्षांत इथे पहिल्यांदा कुणीतरी खरा प्रयोग केला, आणि तोही न बघता. नऊ वाजून दहाला तुम्ही मालूबाईचा जबाब टाईप केलात."

"त्या बाईला मी दुसरीकडे लावून देईन." मग ते निशाकडे वळले, आवाज आणखी मऊ करून. "निशा, निळी पेज आता संपली. राहिला तुझा शब्द. तू गप्प राहिलीस तर दोन महिन्यांत डॉक्टर होशील. तुझी चूक यात काहीच नाही. तुला शिक्षा का व्हावी?"

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. त्यामुळेच मला त्यांचा जास्त राग आला.

दारात मालूबाई उभी होती. किती ऐकलं आणि किती समजलं देव जाणे, पण मुद्दा तिला समजला होता. ती आत आली आणि निशाच्या पाठीवर हात ठेवला.

"माजा नाव लाव गो पोरी," ती म्हणाली. "मी सही करतंय. मना काय, भांडी कुटंबी घासीन. तुजी सा वर्सा गेली यात."

"मावशी, तू काही केलेलं नाहीस."

"तू तरी काय केलंस?"

मी बोललो नाही. खरं तर बोलायला हवं होतं, एका बाजूनं किंवा दुसऱ्या बाजूनं. इतकी वर्षं मी अहवालाखाली सही करून घरी गेलो, त्या अहवालाचं पुढे कुणाला काय होतं ते बघायला कधी थांबलो नाही. त्या दिवशी थांबावं लागलं.

निशानं टाईप केलेला कबुलीजबाब उचलला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. चार बश्या, चार निकाल. फुटलेल्या बाटलीची गोष्टही तिनं लिहिली, आणि तेव्हा मी तपासायला हवं होतं, असंही. शेवटी लिहिलं की अडसर निरुपयोगी आहे आणि आजवर छापलेलं सगळं मागे घ्यावं. खाली सही केली. अक्षर सुरेख होतं तिचं.

८

रिसबूड प्रकृतीच्या कारणावरून रजेवर गेले. चार महिन्यांनी एका औषध कंपनीचे सल्लागार झाले. प्रणित हैदराबादला सुखात आहे. निशाचा प्रबंध रद्द झाला. फसवणुकीत तिचा हात नाही असं समितीनं लिहून दिलं, पण तिच्या नावानं छापलेलं काम खोटं निघालं एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. तीन ठिकाणी तिला मुलाखतीलाही बोलावलं नाही. ती आता उरणला एका रक्ततपासणीच्या दुकानात सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला पट्टी बांधते.

मालूबाई एकदा पनवेलला माझ्या घरी आली. केंद्राचं पत्र घेऊन आली होती. "वाचून दावा," म्हणाली. मी वाचलं. आपल्यावरील आरोप निराधार आढळला असून आपली सेवा पूर्ववत चालू राहील, झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत.

"चांगलं झालं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बायकोनं चहा पुढे केला. मालूबाईनं घेतला नाही.

"तुमाला कोनी बोलावला व्हता, सायेब?"

"निशानं. तुमच्यासाठी."

"मना भांडी कुटंबी मिलली असती," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, आवाजही चढलेला नव्हता. "या पनवेलमंदी भांडी काय कमी हाईत? डाक्टर येकच व्हती आमची."

मी काहीतरी बोलायला गेलो. सत्य वगैरे. तो शब्द माझ्या तोंडातून अर्धाच बाहेर आला. तिनं पत्राची घडी माझ्या हातातून काढून घेतली, पिशवीत ठेवली आणि चपला घालून जिना उतरून गेली. निशाचा फोन मला त्यानंतर कधी आला नाही, आणि मीही केला नाही.